खाली मूठ, वर पेन्सिल

नील आणि ईरा,

रविवारी तुमच्या आईने फोनवर सांगितलं की नील कॉलेजच्या मित्रांबरोबर स्की घेऊन डोंगरात जाणार आहे. आणि तेही स्कीसाठी राखलेल्या उतारांवर नाही, त्यांच्या पलीकडे, जिथे कोणाचीच देखरेख नसते. त्यानंतर चारच दिवसांनी नाशिकहून ईमेल आली की पेन्सिलकाका गेले. या दोन बातम्या एका आठवड्यात आल्या नसत्या तर मी हे कदाचित लिहिलंच नसतं. माझ्या कपाटात प्रत्येक वस्तूला जागा आहे हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या एका चुकीलाही मी अशीच घडी घालून आतल्या कप्प्यात जागा दिली होती. आज ती बाहेर काढते आहे. मराठी जिथे अडेल तिथे आईला विचारा. ती त्या दिवशी तिथे होती. पण माझ्या बाजूने तिनेही हे कधी ऐकलेलं नाही.

पेन्सिलकाकांनी पेन्सिलीने कधी काही लिहिल्याचं मला आठवत नाही. पेन्सिल मात्र कायम कानावर असे, पिवळी, सहा कोनी, टोक केलेली. ग्लासगोच्या आमच्या मराठी मंडळातल्या मुलांनी त्यांना हे नाव दिलं आणि मग मोठेही तेच म्हणू लागले. ते मूळचे नाशिकचे, मातीपरीक्षण करणारे इंजिनिअर. पूल किंवा इमारत बांधण्याआधी जमिनीत खड्डा घ्यायचा, आतले थर बघायचे आणि जमीन भार सोसेल की नाही हे सांगायचं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. हिवाळ्यात शनिवार-रविवारी मंडळ डोंगर चढायला जाई, तेव्हा ते हेच काम फुकट करत, बर्फात.

पद्धत अशी. पाठीवरच्या पिशवीतून आखूड दांड्याचं फावडं काढायचं. ज्या उतारावरून जायचं, त्याच्यासारखाच, त्याच दिशेला तोंड असलेला, पण लहान आणि बिनधोक उतार शोधून तिथे कमरेइतका खड्डा घ्यायचा. खड्ड्याची वरची भिंत करवतीने कापल्यासारखी सरळ करायची. मग हातमोजा चढवलेल्या हाताने प्रत्येक थर हलकेच दाबून बघायचा. आधी मूठ. मूठ गेली नाही तर चार बोटं. तीही गेली नाहीत तर एक बोट. बोट अडलं तर पेन्सिल, आणि पेन्सिलही अडली तर सुरी. बर्फ एकसारखा वाटतो, पण तो प्रत्येक वादळात थोडा थोडा साठतो. काही थर घट्ट, काही साखरेसारखे भुसभुशीत. भुसभुशीत थरावर घट्ट थर बसला की वरचा सगळा पत्रा एखाद्या पावलाने निसटू शकतो आणि उतारच्या उतार खाली येतो. काका हे एवढं लांबण लावत नसत. म्हणत, "खाली मूठ, वर पेन्सिल, तर चला घरी."

आणि आम्ही घरी येत असू. एका हिवाळ्यात तीनदा आलो. दोन तास गाडी चालवून जायचं, तासभर चढायचं, काका खड्ड्यात उतरणार, वर येऊन हातमोजे झटकणार आणि खड्डा बुजवायला लागणार. खड्डा बुजवायला लागले की आम्ही समजायचो. बुजवल्याशिवाय मात्र ते हलत नसत. "आपण खणलं, आपण भरायचं. मागून येणाऱ्याचा पाय मुरगळतो," म्हणत.

मंडळाचा सेक्रेटरी बोडस, पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरमधला उत्साही माणूस, काकांची फार चेष्टा करायचा. "काय वैद्यबुवा, नाडी बघून झाली? पेशंट वाचतोय का?" काका म्हणायचे, "पेशंट ठणठणीत आहे रे, मी तुझी काळजी करतोय." एकदा परतताना बोडस चिडून म्हणाला, "काका, मागच्या वेळी आपण परतलो त्या डोंगरावर दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसातली चार माणसं जाऊन आली. काही झालं नाही." काका चालत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, परतलेल्या माणसाला पुरावा कधी मिळत नाही. त्याला नुसता संध्याकाळचा चहा मिळतो."

त्यांचं हे बोलणं तेव्हा मला आवडलं नव्हतं, हे खरं तेच सांगते. मी शाळेच्या ऑफिसात काम करत होते. सहलींची वेळापत्रकं हा माझा प्रांत. मंडळाच्या प्रत्येक डोंगरसहलीचं वेळापत्रक मी टाईप करून आदल्या बुधवारी सगळ्यांना पाठवत असे: किती वाजता निघायचं, कोणी कोणाच्या गाडीत बसायचं, कोणी काय आणायचं, जेवण किती वाजता. आणि एक माणूस एका पेन्सिलीने माझा आख्खा कागद रद्द करत होता.

घरी मात्र ते मला फार आवडत. एकटेच राहत, म्हणून महिन्यातून दोनदा तरी आमच्याकडे जेवायला असत. पानातल्या प्रत्येक पदार्थाची परीक्षा होई. फ्रीजमधून काढलेल्या श्रीखंडाला चमचा लावून म्हणत, "चार बोटं." दिवाळीला माझा चिरोटा उजेडाकडे धरून थर मोजत आणि तुमच्या आजोबांना म्हणत, "डॉक्टर, हा उतार सुटणार. वहिनींनी साटा सढळ हाताने लावलाय." तुमची आई तेव्हा एकोणीस वर्षांची, युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला. तिचा काकांवर जीव होता. ती त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं छान चालायचं.

आता तो दिवस. डोंगराचं नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिलं की तोच एक डोंगर वाईट असं वाटतं.

संक्रांतीनंतरचा शनिवार होता. आम्ही अकरा जण आणि बारावे काका. मंडळाची संक्रांत या वर्षी डोंगरावर करायची ही कल्पना बोडसची आणि अंमलबजावणी माझी. गुळाच्या पोळ्या, थर्मासमध्ये मसालेभात, एका डब्यात तूप, एका डब्यात तिळगूळ. वेळापत्रकावर मी लिहिलं होतं: साडेबारा, पंगत. पंगत या शब्दाखाली रेघही ओढली होती. इथे लोक डोंगरावर उभ्या उभ्या, एकेकटे, पाठ फिरवून सँडविच खातात. मला ते बघवत नसे. आपण एकत्र बसून, एकमेकांना वाढून जेवतो, हे मला त्या डोंगरालाही दाखवायचं होतं.

आदल्या संध्याकाळी काकांचा फोन आला. हिवाळ्यात रोज ते इंटरनेटवर बर्फाचा अंदाज वाचत. एका वर्तुळात दिशा दाखवून कुठल्या उताराला किती धोका ते रंगवलेलं असे. "वहिनी, पूर्वेची बाजू लाल आहे. पश्चिमेचा वारा तीन दिवस चाललाय. आपण डोंगराच्या रुंद धारेवरून जाऊ, कड्याच्या टोकापर्यंत नाही. आणि मी सांगेन तिथेच थांबायचं."

"म्हणजे परत यायचं का, काका?"

"तसं नाही म्हणालो. सांगेन तिथे थांबायचं."

मी "बरं" म्हणाले आणि वेळापत्रकात काही बदललं नाही.

सकाळी आकाश स्वच्छ होतं, पण धारेवर आलो तेव्हा वाऱ्याने बोलणं अशक्य केलं. बर्फाचे कण गालांवर वाळूसारखे टोचत होते. बारा वाजून गेले होते. एका मोठ्या खडकाजवळ काकांनी सगळ्यांना थांबवलं. "मी पुढे खड्डा घेऊन येतो. वीस मिनिटं. तुम्ही इथून हलू नका. वारा लागेल, लागू दे. इथेच थांबा." आणि कानावरची पेन्सिल चाचपत ते पुढे गेले.

साडेबारा वाजले. आमच्यातल्या एका मुलीचे ओठ निळे दिसायला लागले. तुमचे आजोबा तिचे हात चोळत होते. बोडस म्हणाला, "काकू, इथे पोळीचा तुकडा तोडायला गेलं तर पोळी थेट एडिंबरात." सगळे हसले, पण कुडकुडत हसले. मी चार पावलं पूर्वेकडे गेले आणि खडकांच्या रांगेवरून पलीकडे डोकावले. पलीकडे अक्षरशः अंगण होतं. धारेच्या कडेखाली एक पसरट खळगा, स्वच्छ, गुळगुळीत, आणि वारा अजिबात नाही. इतका शांत की माझे कान दुखायचे थांबले. वर धारेच्या काठावर बर्फाचा एक छज्जा बाहेर आला होता, तोही मला सुंदर वाटला.

"चला," मी म्हणाले. "इथे बसू."

आजोबा म्हणाले, "अगं, काकांनी थांबायला सांगितलंय."

"पुढे जाऊ नका म्हणाले. हे पुढे नाही, बाजूला आहे. तीस पावलं."

हे माझे शब्द आहेत. मला ते जसेच्या तसे पाठ आहेत.

आम्ही एकामागून एक खळग्यात उतरलो, निळं प्लास्टिक अंथरलं, रांगेने बसलो. पाठ चढाकडे, तोंड दरीकडे. डबे उघडले. तूप इतकं थिजलं होतं की सुरीने कापावं लागलं. केतकी, म्हणजे तुमची आई, वाढत होती, म्हणून ती रांगेच्या पार पलीकडच्या टोकाला होती, खडकांपासून सगळ्यात लांब. ज्याने वाढायचं त्याने शेवटी बसायचं, ही शिकवण माझीच.

काका परत आले ते मला आधी दिसले. ते खडकांच्या रांगेवर उभे राहिले आणि त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मग छज्ज्याकडे. मग पुन्हा आमच्याकडे. एवढा वारा असूनही त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं आता ओरडणार. आजोबांनी हात केला, "या काका, पोळी गरम नाही पण पोळी आहे!"

"येतो," काका नेहमीच्या आवाजात म्हणाले. "तुम्ही कोणी उठू मात्र नका."

त्या आवाजात काहीच नव्हतं. बहुतेक म्हणूनच सगळ्यांनी हातातली पोळी खाली ठेवली.

"वहिनी, तुमच्या यादीला क्रम असतो ना? आता माझा क्रम. मी नाव घेईन त्याने उठायचं. डबे, पिशव्या तिथेच. आलात त्याच पावलांवर पाय देत माझ्याकडे यायचं. एकाने खडकाला हात लावल्याशिवाय दुसऱ्याने उठायचं नाही. धावायचं नाही. घाबरायचंही कारण नाही, पण एका वेळी एकच."

बोडस म्हणाला, "काका, काय झालं?"

"खाली मूठ, वर पेन्सिल," काका म्हणाले. "बोडस, ये तू."

बोडस एकही विनोद न करता उठला.

एक माणूस, तीस पावलं. दुसरं नाव. तीस पावलं. मी चौथी होते. माझ्या बुटाखाली बर्फ पोकळ वाजत होता, ढोलावर हात मारावा तसा. जाताना तो तसाच वाजला असणार, पण तेव्हा मी वेळापत्रकाचा विचार करत होते. खडकाला हात लागला आणि मी वळून बघितलं, तेव्हा रांगेत सात माणसं बसलेली होती आणि सातव्या जागी माझी मुलगी तुपाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"काका, केतकीला आधी बोलवा."

"जवळचा आधी, वहिनी. ती आधी निघाली तर सगळ्यांच्या समोरून येईल. तिचं वजन आणि त्यांचं एका जागी पडेल."

मला ते कळत होतं आणि ऐकायचं नव्हतं. पाचवा आला. सहावा, सातवा. ती ओठ निळे पडलेली मुलगी आली, तिला बोडसने स्वतःचं जॅकेट घातलं. मग नववा. उरले आजोबा आणि केतकी.

"डॉक्टर, तुम्ही."

"मी तिला घेऊनच येतो," आजोबा म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही तिच्याबरोबर चाललात तर तिचं वजन दीडशे किलो होईल. या."

आजोबांनी केतकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आले. आयुष्यात तेवढं कठीण तीस पावलांचं अंतर आपण चाललो नाही, असं ते पुढे एकदाच बोलले.

केतकी उठली. दहा-बारा पावलं आली असेल. तेवढ्यात एक आवाज झाला. मोठा नाही. जाड गादीवर कोणी धपकन बसावं तसा, पण सगळ्या खळग्यातून एकदम. तिच्या वरच्या बाजूला बर्फावर दोऱ्यासारखी बारीक चीर पडली आणि आमच्या डोळ्यांदेखत लांब होत गेली. केतकी थांबली. पुतळा झाली.

मी खडकावरून पाय खाली टाकला होता. काकांनी माझा दंड धरला, इतका घट्ट की पुढे पंधरा दिवस पाच बोटं उमटलेली होती.

"सोडा मला."

"नाही."

"माझी मुलगी आहे ती!"

"म्हणूनच नाही."

त्या क्षणी मी त्या माणसाचा द्वेष केला, मुलांनो. तेवढा पुन्हा कोणाचा केलेला नाही.

"काका, इट मूव्ड," केतकीचा आवाज आला. "पायाखाली हललं."

"हो, कळलं मला. आता तुला कळलंय हे बर्फाला कळू द्यायचं नाही. तुझ्यापुढे पायांचे खड्डे दिसतात का?"

"हो."

"किती आहेत, मोज. मोठ्याने. मराठीत."

"एक, दोन... काका, आय कान्ट..."

"मराठीत, म्हटलं."

ती मोजत गेली. अठरा. अठराला ती अडखळली, तिला ते कधीच पटकन येत नसे, आणि काकांनी इथून सांगितलं, "अठरा. बरोबर. आता प्रत्येक खड्ड्यात एक पाय, आणि उलटं मोजायचं. सावकाश. आपल्याला कुठे जायचं नाही."

सतरा. सोळा. तिने एक आकडा गाळला, कोणी दुरुस्त केला नाही.  काकांचा हात माझ्या दंडावर तसाच होता आणि प्रत्येक आकड्याला त्याची पकड आणखी आवळत होती. त्यांचा चेहरा बघून कोणाला कळलं नसतं. फक्त मला माहीत होतं. तीन. दोन. आजोबांनी तिला खडकावर ओढून घेतलं.

 मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणीतरी हसलंसुद्धा. खळगा जसाच्या तसा होता. निळं प्लास्टिक, उघडे डबे, अर्धवट खाल्लेल्या पोळ्या, शांत, जणू यजमान नुसते हात धुवायला गेलेत. आणि बोडसने खिसे चाचपले. "अरे देवा. गाडीची किल्ली बॅगेत राहिली. काका, मी सगळ्यात हलका आहे, पळत जाऊन..."

काकांनी फावडं आडवं धरलं. "जायचं तर मला ढकलून जा."

"पण आपण बारा जण उरलेल्या गाड्यांतून कसे..."

"दोन फेऱ्या करू. तीन करू. चालत जाऊ. बोडस, अरे, ती किल्ली आहे."

बोडस थांबला. आम्ही आल्या वाटेने धारेवरून उतरायला लागलो. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. ढग खाली आले होते. मागे वर कुठेतरी ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज झाला आणि बराच वेळ होत राहिला. सगळे जागच्या जागी थांबले. ढग थोडा फाटला तेव्हा आम्ही वळून बघितलं. छज्जा तुटला होता आणि त्याच्या धक्क्याने खळगा पूर्ण निसटला होता. जिथे आमची पंगत होती तिथे काळा दगड उघडा पडला होता. खाली दरीत बर्फाची ढेकळं, मोटारीएवढी.

काकांनी आम्हाला मोजलं. अकरा झालो, ते स्वतः बारावे. मग पुन्हा मोजलं. मी पण मनात मोजत होते.

रस्त्यालगतच्या चहाच्या हॉटेलात मी त्यांच्यासमोर बसले.  म्हटलं, "काका, ती जागा मी निवडली. ह्यांनी अडवलं होतं, तरी."

"माहीत आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं. पण तुमच्यापेक्षा माझी चूक मोठी आहे, वहिनी. तीन वर्षं मी नुसतं 'नको' म्हणत आलो. 'का' ते एकदाही नीट सांगितलं नाही. वाऱ्यापासून आडोसा शोधायचा हे आपल्याला सह्याद्रीने शिकवलंय. तिथे ते बरोबरच होतं. इथे वारा हमाल आहे. धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलतो आणि दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो. जिथे वारा लागत नाही ते त्याचं गोदाम. तुम्ही नेमकी पंगत गोदामात मांडलीत."

बोडस शेजारी होता. त्याने मान खाली घालून विचारलं, "काका, आज तरी पुरावा मिळाला ना तुम्हाला?"

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. "मिळायला नको होता रे. आता पुढच्या वेळी मी परत फिरवलं आणि मागे काही पडलं नाही, तर तुम्हाला वाटेल म्हातारा चुकला."

त्यानंतर मंडळाची पद्धत बदलली. प्रत्येक हिवाळी सहलीला खड्ड्यात दोन जण उतरू लागले, एक काका आणि एक शिकणारा. पहिली शिकणारी मी. माझ्या वेळापत्रकात 'परत फिरण्याचा निर्णय' अशी एक ओळ आली, जेवणाच्या ओळीच्या वर. मी एक वही सुरू केली: कुठली दिशा, किती थर, मूठ की बोट की पेन्सिल. काका सांगत, मी लिहीत असे, माझ्या पेनने. जेवण उभ्या उभ्या, वाऱ्यात, दोन-दोन माणसं लांब लांब. पंगत घरी आल्यावर.

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर काका आणि आजोबा त्या दरीत गेले. बोडसची बॅग सापडली, किल्लीसकट, पण तोवर त्याने नवी करून घेतली होती. निळ्या प्लास्टिकचे तुकडे सापडले. आणि तुपाचा स्टीलचा डबा. काकांनी तो मला आणून दिला तेव्हा मी तो दोन्ही हातांत फिरवून बघितला. एका बाजूने तो पार चपटा झाला होता, जणू कोणी त्यावर पाय देऊन उभं राहिलं होतं. केतकीने उठताना तो मांडीवरून बाजूला ठेवला होता.

"झाकणही आहे," काका म्हणाले आणि खिशातून काढून दिलं.

दोन वर्षांनी त्यांच्या कंपनीने त्यांना दक्षिण इंग्लंडमधल्या, डोंगर नसलेल्या बेसिंगस्टोकला पाठवलं. निरोपाच्या जेवणाला बोडस म्हणाला, "काका, तिथली सगळ्यात उंच जागा म्हणजे कार पार्कचा वरचा मजला. तिथे काय खणणार?" काका म्हणाले, "तुझ्या गाडीची किल्ली शोधीन." जाताना केतकीला त्यांनी कानावरची पेन्सिल काढून दिली. मला काही दिलं नाही. दाराशी उभे राहून म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी तुमचा हात फार जोरात धरला."

मी म्हटलं, "हो."

एवढंच म्हटलं. धन्यवाद म्हणायचं होतं, ते राहिलं. त्यानंतर बेसिंगस्टोकहून आणि निवृत्तीनंतर नाशिकहून, हिवाळ्यातल्या प्रत्येक शुक्रवारी त्यांचा फोन येई. आजोबा गेल्यावरही येई. मी डोंगरावर जायचं थांबवल्यावरही येई. नाशिकच्या घरात बसून ते इथल्या उतारांचा अंदाज कॉम्प्युटरवर वाचत आणि मला वाचून दाखवत, पूर्वेची बाजू लाल आहे, उत्तरेची बरी आहे. मी वहीत लिहून घेत असे. दोघांपैकी कोणीच कुठे जाणार नव्हतं. गेल्या शुक्रवारी फोन आला नाही. मग ईमेल आली.

नील, तुला जाऊ नको असं मी सांगणार नाही. काकांनीही सांगितलं नसतं. तू फावडं ने. खड्डा घे, थर बघ, आणि मग तो बुजव. वारा कुठून येतो ते आदल्या तीन दिवसांचं बघ. मोहात पाडणारी शांत जागा दिसली तर आधी वर काय आहे ते बघ. आणि परत फिरायचं ठरलं तर पुरावा मागू नकोस.

पेन्सिल तुझ्या आईकडे आहे, तिच्या टेबलाच्या खणात, तिच्याकडे माग. वही माझ्याकडे आहे, तुला पाठवते आहे. तुपाचा डबा मी ठेवून घेतला आहे. तो स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. त्याचं झाकण बसत नाही.

तुमची आजी